कम्युनिटी कॉलेजात पहिलं पाऊल

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. तिथे साधारण ६० युनिट, म्हणजे श्रेयांक, पूर्ण करून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. मात्र सगळेच विषय विद्यापीठात धरले जात नाहीत. म्हणून नावनोंदणीआधी ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर आपले विषय तपासा आणि समुपदेशकाला भेटून सगळ्या सत्रांचा आराखडा आखून घ्या. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल, तर सत्राला किमान १२ युनिट घ्यावेच लागतात. दोन वर्षांत ६० संपवायचे, तर सत्राला १५ हवेत. एका युनिटामागे आठवड्याला दोन तास घरचा अभ्यास धरा. प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळा पहिल्याच आठवड्यात टिपून ठेवा आणि काही अडलं, तर लगेच विचारा. परीक्षा तोंडावर येईपर्यंत थांबू नका.