पाळी पाण्याची, भिंत जातीची
(कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

सामाईक मालमत्ता शेवटी उद्ध्वस्तच होते, असे गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली प्रतिपादन केले आणि खाजगी मालकीच्या पुरस्कर्त्यांनी ते डोक्यावर घेतले. गरीब कोळ्यांना मात्र हा सिद्धान्त ठाऊक नव्हता, म्हणून की काय, ते तो खोटा पाडीत राहिले.

चेन्नईच्या उत्तरेला, तामिळनाडू आणि आंध्र यांच्या सीमेवर पुलिकत हे मचूळ पाण्याचे विस्तीर्ण सरोवर आहे. समुद्राला मिळणाऱ्या त्याच्या मुखाजवळ भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर कोळंबी ये-जा करते. खांब रोवून ताणलेले जाळे तेथील मोक्याच्या मोजक्या जागीच भरते. जागा थोड्या आणि हात पुष्कळ. डोकी फुटायला एवढे कारण पुरे. परंतु तेथील पट्टिनवर कोळ्यांनी पिढ्यानपिढ्या ‘पाडू’ नावाची पद्धत चालविली. चिठ्ठ्या टाकायच्या आणि जागा पाळीपाळीने वापरायच्या. आज ज्याच्या वाट्याला उत्तम पाणी आले, त्याला पुढच्या पाळीला साधे पाणी मुकाट्याने पत्करावे लागते. तंटा उद्भवला तर गावचे पंच तो मिटवतात. कोणी धनवान असला म्हणून त्याची चिठ्ठी मोठी होत नाही. अशाच सामाईक व्यवस्थांच्या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढ्यावर टाळ्या वाजवून उठणे सोपे आहे. पण त्या चिठ्ठ्यांत नावे कोणाची? पट्टिनवरांची, आणि त्यांतही विवाहित पुरुषांची. मासळी विकून घर चालविणारी स्त्री चिठ्ठीच्या बाहेर. त्याच सरोवरावर पोट भरणारे दलित बाहेर. उथळ पाण्यात हातांनी चाचपून कोळंबी वेचणारे इरुळर आदिवासीही बाहेरच. आतल्यांसाठी नमुनेदार समता आणि भोवती जन्माची भिंत! सहकाराची थोरवी गाणाऱ्या समाजवाद्याने येथे अडखळलेच पाहिजे.

पट्टिनवरांचा विरोध निव्वळ जातीच्या अहंकारातून आला आहे, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. मुख गाळाने वारंवार बुजते. परदेशी बाजारामुळे कोळंबीला भाव आला, तसे तिच्यावर टपलेले हातही वाढले. दार सरसकट उघडले तर हार्डिनचे भाकीत पुलिकतला खरे ठरायला वेळ लागणार नाही. दार बंद ठेवले तर घटनेतील समतेला त्या पाण्यावर अर्थ उरत नाही.

चिठ्ठीत नवी नावे घालता येतात. पद्धतीची रचना त्याला आड येत नाही. पण एकेकाची पाळी लांबेल आणि चूल न पेटण्याचे दिवस वाढतील, ते कोणाच्या घरी? मुखातला गाळ सरकारने उपसायचा की नाही? हा हिशेब दोन्ही वस्त्यांना एका ओट्यावर बसवून मांडला गेला नाही, तर न्यायालयाचा निकाल कोणाच्याही बाजूने लागो, रोवलेले खांब रात्रीतून उपटले जातील.