मोटारीची तहान

शहरांतील गृहस्थ मोटारींत पेट्रोल भरतो, तेव्हां त्याबरोबर उसाचा अंशहि टांकींत जात असतो, हें त्याच्या ध्यानींमनींहि नसतें. पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळावयाचें, हें २०१८ च्या जैवइंधन धोरणाचें उद्दिष्ट प्रथम २०३० सालचें होतें. पुढें मुदत अलीकडे आणली आणि २०२५ सालीं तें गांठलेंहि गेलें. मका व तांदूळ यांपासूनहि इथेनॉल होतें. परंतु महाराष्ट्रांत त्याचें नांव काढलें कीं साखर कारखानाच डोळ्यांपुढें येतो.

या योजनेंत गुण नाहींत असें नाहीं. परदेशी तेलाचा खर्च वांचतो. कारखान्याला साखरेखेरीज दुसरें गिऱ्हाईक मिळतें, आणि शेतकऱ्याचें उसाचें बिल थकण्याचा संभव कमी होतो. ऊस वाढतांना हवेंतील कर्बवायु शोषून घेतो व इंधन जळतांना तोच परत बाहेर पडतो, हा हिशेबहि खोटा नाहीं. पण तो अपुरा आहे. त्यांत पाणी धरलेलें नाहीं.

जालना जिल्ह्यांत वर्षाकांठीं सरासरी ७०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. उसाला त्याच्या दुपटीतिपटीनें पाणी लागतें. अंबड व घनसावंगी तालुक्यांना गोदाकांठ आणि जायकवाडीचा डावा कालवा लाभला, म्हणून तेथें ऊस पिकतो व अंकुशनगर आणि तीर्थपुरी येथें कारखाने उभे राहिले. कालवा कोरडा पडला म्हणजे मात्र भार विहिरींवर येतो. २०१२-१३ च्या दुष्काळांत याच जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा वाळल्या. वर्षानुवर्षें जोपासलेलीं झाडें शेतकऱ्यांनीं स्वहस्तें तोडलीं. जालना शहरहि टँकरची वाट पाहात बसलें.

नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणें उसापासून केलेल्या १ लिटर इथेनॉलामागें सुमारें २,८६० लिटर पाणी खर्चीं पडतें. ४० लिटरांच्या टांकींत ८ लिटर इथेनॉल. तें सर्व उसाचें असेल, तर १०,००० लिटरांचे दोन टँकर भरून उरेल इतकें पाणी त्यांत गेलें!

ब्राझीलनें १९७५ पासून हा मार्ग धरला. पण साओ पावलो प्रांतांतील ऊस मुख्यत्वें पावसावर वाढतो. आपल्याकडे २०२३ सालीं पाऊस कमी झाला, आणि डिसेंबरांत सरकारलाच रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावा लागला. पुढल्या वर्षीं तो उठला; शिकवण मात्र राहिली.

साखर काढून उरलेल्या मळीचें इथेनॉल करण्यास नवा ऊस लावावा लागत नाहीं. तेथपर्यंत ही योजना म्हणजे टाकाऊंतून टिकाऊच होय. परंतु मोटारीसाठीं म्हणून नवा ऊस लावावयाचा असेल, तर आधीं विहिरींत डोकावून पाहावें. ठिबक सिंचनानें पाणी वांचतें खरें. पण वांचलेल्या पाण्यावर पुन्हां ऊसच वाढविला, तर विहीर रितीच राहते. माणसाची तहान भागल्यावर मोटारीची तहान भागवावी, हा क्रम उलटा होऊं नये.