हिंदू कॉलनीतील राजगृह
(नांदेड व लातूर येथील नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेले भाषण)



दरवर्षी 6 डिसेंबरला आपण दादरला जातो. स्थानकावर उतरताच पश्चिमेस वळतो, चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहतो आणि मिळेल त्या गाडीने मराठवाड्यात परततो. स्थानकाच्या पूर्वेस, चालत जाण्याच्या अंतरावर, हिंदू कॉलनी नावाची एक जुनी आणि सधन वस्ती आहे. बाबासाहेबांचे राजगृह तेथे आहे. परंतु आपल्यापैकी पुष्कळांची पावले तिकडे वळत नाहीत. वेळ नसतो, हे एक कारण. दुसरे कारण मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

प्रथम मी मुलीला घेऊन तेथे गेलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच थबकलो. रुंद स्वच्छ रस्ता, दुतर्फा झाडे, सज्जांची दगडी घरे. एका इमारतीच्या पहारेकऱ्याने विचारले, “कोणाकडे जायचे आहे?” प्रश्न साधा होता, परंतु माझी मान आपोआप खाली गेली. मुलगी मात्र मोठ्याने म्हणाली, “बाबासाहेबांकडे.” त्याने हसून वाट दाखविली. मान खाली घालण्याची ती सवय माझी होती, तिची नव्हती. धर्म बदलला तरी सवय मागे राहते, हे त्या दिवशी मला कळले.

ही वस्ती कशी झाली, हेही आपण जाणून घ्यावे. 1896 साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीत, हवा-उजेडावाचून माणसे मेली. 1898 साली शहर सुधारण्यासाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टने दादर-माटुंग्याकडे मोकळ्या जमिनीवर रस्ते आखले, भूखंड पाडले. तेथे मध्यमवर्गीय व सुखवस्तू लोकांची घरे उठली. शेजारची पारशी कॉलनीही त्याच योजनेतील. आणि त्याच ट्रस्टने परळला कामकऱ्यांसाठी चाळी बांधल्या. त्या चाळीतील दोन खोल्यांत बाबासाहेबांनी आयुष्याची बरीच वर्षे काढली. संस्था एक, योजना दोन, आणि दोहोंत एकच माणूस राहिला! परळ ते हिंदू कॉलनी हे अंतर पायी चालण्याजोगे आहे. आपल्या समाजाला ते चालण्यास किती काळ लागला, ह्याचा हिशेब आपणच करावा.

1917 साली बडोद्यात, परदेशातून शिकून आलेल्या ह्याच विद्वानाला पारशी वसतिगृहातून हाकलून लावले होते. त्याच वर्षी युद्धात बोट बुडाल्याने त्यांचे लंडनहून येणारे ग्रंथही गेले होते. जागेवाचून आणि ग्रंथांवाचून राहण्याचे दुःख ज्याने भोगले, त्याने 1933 च्या सुमारास ग्रंथ नीट ठेवता यावेत म्हणून घर बांधले. नाव ठेवले राजगृह: बिंबिसाराच्या मगधाची राजधानी, जेथे भगवंतांनी वास केला आणि जेथे परिनिर्वाणानंतर पहिली संगीती भरली. दीक्षा 1956 ची, परंतु घराचे नाव वीस वर्षांहून अधिक काळ आधीचे आहे, हे ध्यानात घ्यावे.

आणि एक गंमत पाहा. ‘मी हिंदू म्हणून मरणार नाही’ ही येवल्याची घोषणा 13 ऑक्टोबर 1935 ची. ती करणारा माणूस त्या वेळी हिंदू कॉलनीतच राहत होता! त्याच वर्षी 27 मे रोजी माता रमाईंनी ह्याच घरात डोळे मिटले. सुखाचे घर मिळाले, परंतु त्यांना त्याचा उपभोग फार थोडा घेता आला. डिसेंबर 1956 मध्ये दिल्लीहून बाबासाहेबांचा देह आणला तो येथेच, आणि 7 डिसेंबरची महायात्रा येथूनच निघाली.

घराची किंमत आम्हां नांदेडकरांना कोणी शिकवावी लागत नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे म्हणून 1978 साली लढा झाला, तेव्हा आमच्या जिल्ह्यात आमची घरे जळाली. जुलै 2020 मध्ये कोणी राजगृहाच्या अंगणातील कुंड्या फोडल्या, तेव्हा ती बातमी ऐकून गावोगावी माणसे का कळवळली, हे त्यामुळेच समजते.

यंदा जाल तेव्हा सकाळीच पूर्वेस वळा. तळमजल्यावर बाबासाहेबांच्या वस्तू पाहावयास मिळतात. वरील भाग निवासाचा आहे, तेथे गोंगाट करू नये. दारात ढकलाढकली नको, रस्त्यावर कागद किंवा पत्रावळ टाकू नये. तो रस्ता आपलाही आहे म्हणून. मुलांना पुढे उभे करा, अस्थिकलशाला वंदन करा, परंतु ग्रंथांसाठी घर बांधले ही गोष्ट त्यांना तेथेच सांगा. वेळ उरला तर परळची चाळही दाखवा. आणि कोणी विचारले, कोणाकडे जायचे, तर उत्तर मुलांना देऊ द्या.