बैल हातात घेऊन पाहा

पोळा जवळ आला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बाजारांत मातीचे आणि लाकडाचे बैल मांडलेले दिसतात. त्यांतल्या मातीच्या बैलाकडे कसं पाहावं, याबद्दल आज बोलणार आहे. रेडिओवरून बैल दाखवता येत नाही, पण त्यानं फारसं बिघडत नाही. वीतभर मूर्ती डोळ्यांइतकीच बोटांनीही पाहायची असते.

लाकडी बैलाचा मान मोठा. पोरांचा तान्हा पोळा नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केला असं मानतात, आणि पोळ्याच्या पाडव्याला चाकांचे बैल ओढत घरोघर फिरणारी पोरं विदर्भात कुणाला नवी नाहीत. पण तो बैल सुताराचा, मापानं कातलेला. मातीची जोडी बहुतेक वेळा घरच्याच कुणाच्या हातची. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठची चिकण माती आणायची, खडे वेचायचे, मळून मळून लोण्यासारखी करायची, आणि नातवाला सर्जा-राजा घडवून द्यायचे.

हातात घेतल्यावर आधी पाय पाहा. आखूड, जाड, खुरांचा पत्ता नाही. याला बेढब म्हणायची घाई करू नका. ओली माती वजन पेलत नाही. पाय बारीक केले की पोट खाली बसतं. करणाऱ्यानं मातीचं ऐकलंय, एवढाच त्याचा अर्थ. उलट बारीक पायांचा बैल दिसला तर आत काडी किंवा तार असणार, हे ओळखावं.

मग वशिंड. माझ्या मते सगळी परीक्षा इथेच होते. बैल खिडकीशी न्या आणि उजेड आडवा पडेल असा धरा. वशिंडाच्या एका अंगाला रुंद खळगा दिसेल, तो अंगठ्याचा. दुसऱ्या अंगाला अरुंद, तो तर्जनीचा. म्हणजे अंगातलीच माती चिमटीत धरून वर ओढली आहे. अशा बैलाची मानेपासून पाठीपर्यंतची रेघ कुठे तुटत नाही. दुसरा प्रकार, वेगळा गोळा करून वर बसवलेलं वशिंड. तेही वाईट नसतं, पण त्याच्या बुडाशी नख फिरवा. माती सुकते तशी आक्रसते, आणि गोळा ओल्या हातानं नीट मुरवला नसेल तर सांध्यावर केसासारखी भेग सापडते. गळ्याखालच्या पोळीचंही तेच. खाली ओढलेली पोळी बैलाच्या चालीबरोबर हलेल असं वाटतं. चिकटवलेली नुसती लोंबते.

हे बैल भाजत का नाहीत, असं कुणी विचारेल. भरीव मातीच्या पोटात ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होऊन मूर्ती फुटते. म्हणून कुंभार मोठी मूर्ती आतून पोकळ करतो. भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभारलेल्या ग्रामोदय संघानं चंद्रपूर जिल्ह्यातल्या मातीकामाचं नाव दूरवर नेलं. तिथल्या भाजक्या भांड्यांशी आपल्या पोळ्याच्या बैलाची तुलना करू नये. तो उन्हात सुकतो, पूजेला बसतो आणि पुढे पाण्यात जातो. फार टिकावा असा त्याचा हट्टच नाही.

तरी कच्ची माती कधी कधी भलतीच टिकते. पुणे जिल्ह्यात इनामगावच्या उत्खननात डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना घराच्या जमिनीत पुरलेली मातीची छोटी डबी मिळाली. आत शीर नसलेली स्त्रीमूर्ती, सोबत बैल. बैलाच्या पाठीला आणि मूर्तीला भोकं होती. काडी घातली की ती बैलावर बसते. सगळं न भाजलेलं आणि तीन हजार वर्षांहून जुनं. त्या बैलालाही तपशील फार नाहीत, तरी बैल म्हणून ओळखायला क्षणही लागत नाही.

आता नव्या मातीकडे वळू. वाढदिवसाला, निवृत्तीला पॉलिमर क्लेच्या बाहुल्या करून देण्याची हौस आपल्याकडेही आली आहे. नावात क्ले असलं तरी ती माती नव्हे. पीव्हीसीची पूड आणि तिला मऊ ठेवणारं द्रव्य यांचं ते मिश्रण. हवेत सुकत नाही, त्यामुळे चार दिवस बसून काम करता येतं, आणि साधारण १३० अंशांवर घरच्या ओव्हनमध्ये ती पक्की होते. आक्रसणं जवळपास नाहीच. आत तार आणि चुरगाळलेली फॉइल घातली की काडीसारखे पायही उभे राहतात. ओव्हन जास्त तापवला तर मात्र ती करपते आणि अपायकारक धूर सोडते.

या मातीची पंचाईत अशी की ती कशालाच नाही म्हणत नाही. मग पापण्या येतात, घुंगरू येतात, झुलीवरची टिकली न् टिकली येते, आणि बैल त्याखाली हरवतो. मी अशा मूर्तीपाशी एकच गोष्ट शोधतो: करणाऱ्यानं नेमकं काय निवडलं? आपल्याकडे धानाच्या चिखलात राबणारी कठाणी ही बैलांची जात आहे. अलीकडे राष्ट्रीय पातळीवर तिची स्वतंत्र नोंदही झाली. एखाद्या निवृत्त शेतकऱ्याला त्याचा बैल करून द्यायचा तर गुजरातच्या गीर बैलाची चित्रातली बाकदार शिंगं काय कामाची? त्याच्या बैलाचं डावं शिंग खाली झुकलेलं होतं, एवढं बरोबर आलं की बाकीचं राहिलं तरी चालतं. भेट घेणाऱ्यानं उघडताच 'अरे, हा तर आपला ढवळ्या!' म्हणावं. बाजारातल्या साच्याला हे कधी जमणार नाही.

तेव्हा येत्या पाडव्याला पोरं दारात आली की बोजाऱ्याचे पैसे लगेच देऊन टाकू नका. कुणाकडे मातीचा बैल असेल तर जरा हातात मागा, वशिंड पाहा, कुणी केला ते विचारा. पोरगं आधी बैलाचं नाव सांगेल, मग आजोबांचं, आणि मग दहाची नोट पाहून वीस मागेल.