खरा 'एक्स' लिहिण्याची हिंमत



आजचा विषय आहे, दूर काम करणारी टीम सांभाळायची कशी. मी पाच तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांसोबत बहुतेक फोनवरूनच काम करतो. रेशन कार्ड, शिष्यवृत्ती, दाखले यांच्या मदतीसाठी ही मुलं-मुली घरोघर फिरतात. त्यांची-माझी प्रत्यक्ष भेट महिन्यातून एकदा होते. लोक विचारतात, "ते खरंच फिरतात हे तुला कसं कळतं?" या प्रश्नाचं चांगलं उत्तर मला पोलिओच्या मोहिमेत सापडतं.

२००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण आढळले. २०१० मध्ये ४२ आणि २०११ मध्ये फक्त एक, तोही जानेवारीत, पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात. मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आपला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. देशभराच्या एका फेरीत वीस लाखांहून जास्त लोक लस पाजायला बाहेर पडत. दिल्लीत बसलेला कोणता साहेब इतक्या लोकांवर नजर ठेवणार?

त्यांच्याकडे खडू होता. घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस मिळाला की दारावर 'पी' लिहायचं. एक जरी मूल राहिलं तरी 'एक्स'. डोस घेतलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण. पर्यवेक्षक नंतर काही घरं पुन्हा बघायचा.

आता विचार करा. दुपारी दोनचं ऊन आहे, घराला कुलूप आहे आणि वर बसलेला माणूस 'एक्स' दिसला की ओरडतो. मग कार्यकर्ती काय लिहील? 'पी'च लिहील! कागदावर शंभर टक्के काम होईल आणि ते मूल लसीविना राहील. म्हणून माझं म्हणणं असं की दूरच्या टीममधली खोटी माहिती बहुतेक वेळा आळसातून येत नाही, भीतीतून येते. खरा 'एक्स' लिहिणारीचे आधी आभार माना. तिने तुम्हाला उद्या कुठे जायचं ते सांगितलंय.

दुसरी गोष्ट. सगळे 'एक्स' सारखे नसतात. कुलूप आहे, मूल आजारी आहे, मूल गावी गेलंय, की घरच्यांनी नकार दिलाय, हे मोहिमेत वेगवेगळं नोंदवलं जाई. कुलूपबंद घरी संध्याकाळी जायचं. नकाराच्या घरी मात्र ज्याचं ऐकलं जातं असा माणूस न्यायचा. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत अफवा होती की या थेंबांनी मुलं पुढे नपुंसक होतील. तिथे मोहल्ल्यातल्याच बायकांनी आणि मशिदीच्या इमामांनी दारं उघडून घेतली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिलिया इस्लामियाची माणसंही सोबत आली. म्हणून फोनवर "किती झाले?" एवढंच विचारू नका. "काय अडलं?" हेही विचारा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लोक दारात विचारायचे, "थेंब पाजायला सारखे येता, पण आमची गटार साफ करायला कुणी का येत नाही?" हा राग रास्त होता. मैदानातून अशा तक्रारी वर जात राहिल्या. पुढे २००९ मध्ये उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या १०७ जोखमीच्या ब्लॉकसाठी योजना आखली गेली. तिच्यात लसीबरोबर स्वच्छता, पिण्याचं पाणी आणि जुलाबावरचे उपचारही घेतले. खालून आलेल्या माहितीने वर काही बदलतं, हे दिसलं तरच माणूस पुन्हा माहिती देतो. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर अंगठा दाखवून मोकळा होतो.

कुणी म्हणेल, विश्वास असेल तर तपासणी कशाला? तपासणी हवीच. पण ती सगळ्यांची आणि सांगून. दहातली एक-दोन घरं मी पुन्हा बघणार, हे पहिल्याच दिवशी सांगा. लपूनछपून चौकशी केली, दर तासाला लोकेशन मागितलं, तर माणूस कामाकडे न बघता तुमच्याकडे बघायला लागतो.

आपल्याकडे आणखी एक विश्वास लागतो, तो घरच्यांचा. कार्यकर्ती मुलगी कुठे जाते, कुणासोबत जाते, किती वाजता परतते, हे तिच्या अम्मीला माहीत असू द्या, मुलीला विचारूनच. अनोळखी वस्तीत तिला एकटीला पाठवू नका. प्रवासखर्च वेळेवर द्या. पैसे थकवून विश्वासावर भाषण करणाऱ्याचं कुणी का ऐकावं?

तुमच्यापैकी बरेच जण या महिन्यात सर्वेक्षणाला निघणार आहेत. तालुक्याच्या प्रमुखांना माझी एकच विनंती आहे. पहिल्या संध्याकाळच्या फोनवर झालेल्या घरांचा आकडा नंतर घ्या. न झालेली घरं आधी विचारा आणि उत्तर येईपर्यंत शांतपणे ऐका.