वाढ खुंटलेली मुले आणि वृद्धी संप्रेरक
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकाविषयी येथे जे सांगेन ते आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतलेले आहे. हिशेब तेवढा माझा.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यातून वृद्धी संप्रेरक, म्हणजेच ग्रोथ हॉर्मोन, थांबून थांबून व विशेषतः गाढ झोपेत स्रवते. त्याच्या प्रभावाने हाडांच्या टोकांजवळची कूर्चा वाढते आणि मूल उंच होते. ग्रंथीवरील गाठीमुळे हा स्राव प्रौढ वयात अतिरिक्त झाला, तर हात, पाय व जबडा रुंदावतात. १८८६ साली पिएर मारी या फ्रेंच वैद्याने त्या विकारास ॲक्रोमेगाली हे नाव दिले.

आज मला बोलावयाचे आहे ते उणिवेविषयी. चौथ्या वर्षानंतर मूल वर्षाकाठी चार सेंटिमीटरही वाढत नसेल, तर तपासणी अवश्य करावी. प्रत्येक ठेंगण्या मुलास हाच विकार असतो असे नाही; आनुवंशिकता, कुपोषण, थायरॉइड अशी कारणेही असतात. स्राव सतत नसल्याने रक्ताचा एकच नमुना पुरत नाही. औषध देऊन ठराविक अंतराने अनेक नमुने घ्यावे लागतात. मुलींना पालक पुष्कळदा लग्नाची चिंता लागल्यावर आणतात. तोवर कूर्चा मिटलेली असते आणि उंचीसाठी काहीच करता येत नाही. उंची वाढविणाऱ्या चूर्णांवर दवडलेली वर्षे परत येत नाहीत.

पूर्वी हे संप्रेरक मृतांच्या ग्रंथींतून काढीत. त्यातून काही रुग्णांस मेंदूचा प्राणघातक रोग जडल्याचे १९८५ साली उघडकीस आले. त्याच वर्षी अमेरिकेत जनुकीय तंत्राने बनविलेल्या संप्रेरकास मान्यता मिळाली. आज तेच वापरतात, बहुधा रोज एक इंजेक्शन, कित्येक वर्षे.

येथे माझा हिशेब सुरू होतो. मात्रा वजनानुसार ठरते; म्हणजे मूल जसजसे वाढेल तसतसे देयकही वाढते. यंत्रासाठी देणगी एकदा मिळाली की काम भागते, त्यावर नावाची पाटीही लागते. इंजेक्शनच्या कुपीवर पाटी लागत नाही. दोन वर्षांनी निधी आटला, तर मुलाची वाढ पुन्हा मंदावते. म्हणून माझी विनंती आहे की, या निधीस देणगी देताना रक्कम लहान असली तरी चालेल, पण मुदत किमान पाच वर्षांची असावी. देणगीदारास दरवर्षी पावतीसोबत मुलाच्या उंचीची नोंद, नाव गुप्त ठेवून, पाठविण्यात येईल.