जुनी गिटार खरंच गोड वाजते का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जून २००४ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्टीजच्या लिलावात एक गिटार ७ लाख ९१ हजार ५०० डॉलरला विकली गेली. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं १९३९ मध्ये बनवलेली ही गिटार एरिक क्लॅप्टनची होती. १९९२ च्या 'अनप्लग्ड' या गाजलेल्या कार्यक्रमात त्यानं तीच वाजवली होती. किंमत अर्थातच नुसत्या लाकडाची नव्हती, ती वाजवणाऱ्या हाताची होती. पण छोट्या अंगाची जुनी गिटार जशी वाजते तशी नवी वाजूच शकत नाही, ही समजूत गिटारवादकांमध्ये तेव्हाही होती आणि आजही आहे. आपल्याकडे आजोबांच्या तंबोऱ्याविषयी किंवा मिरजेच्या जुन्या सतारीविषयी जे बोललं जातं, तेच तिकडे १९३० च्या दशकातल्या गिटारविषयी बोललं जातं. या समजुतीपोटी माणसं आयुष्यभराची पुंजी मोजतात. म्हणून तिच्यात तथ्य किती आणि भक्ती किती, हे एकदा शांतपणे पाहायला हवं.

आधी 'छोट्या अंगाची' म्हणजे काय ते पाहू. ख्रिस्टियन फ्रेडरिक मार्टिन हा जर्मनीतला कारागीर १८३३ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि काही वर्षांतच पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी स्थायिक झाला. त्याच्या कारखान्यात गिटारच्या आकारांना शून्यांवरून नावं पडली. एक शून्याची गिटार सगळ्यात रुंद जागी साडेतेरा इंच, दोन शून्यांची सव्वाचौदाच्या आसपास आणि तीन शून्यांची पंधरा इंच. क्लॅप्टनची गिटार या तीन शून्यांच्या घराण्यातली. आज दुकानात सर्रास दिसणारी मोठी गिटार म्हणजे ड्रेडनॉट. ब्रिटिश युद्धनौकेचं नाव घेऊन ती पहिल्यांदा १९१६ मध्ये बनली. तिची रुंदी साडेपंधरा इंचांहून थोडी जास्त आणि खोली जवळपास पाच इंच. आकड्यांतला फरक किरकोळ वाटतो, पण कानाला तो मोठा असतो.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक सूर निघतो. गिटारच्या पोटातल्या हवेलाही असाच स्वतःचा सूर असतो. ड्रेडनॉटमध्ये तो सेकंदाला साधारण शंभर कंपनांच्या आसपास असतो, लहान गिटारमध्ये त्याहून थोडा वर. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ कंपनांवर लावलेली असते. म्हणजे मोठी पेटी खर्जाला जास्त आधार देते, तर लहान पेटी खर्ज आवरून धरते आणि मधले स्वर पुढे आणते. बोटांनी एकेक तार छेडणाऱ्याला हेच हवं असतं. प्रत्येक स्वर सुटा आणि दाणेदार ऐकू येतो. माइकसमोर तर लहान गिटार फार सोयीची, कारण तिचा खर्ज घुमत नाही. बॅन्जोच्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून एकेकाळी गिटार मोठी होत गेली. माइक आल्यावर त्या मोठेपणाची गरज कमी झाली आणि रसिक पुन्हा लहान गिटारकडे वळले.

आता जुनी आणि नवी यांच्या आवाजाकडे येऊ. चांगल्या अवस्थेतली १९३० च्या दशकातली लहान गिटार हातात घेतली की पहिली गोष्ट जाणवते ती तिचं वजन. ती हलकी असते. तार हलकेच छेडली तरी आवाज चटकन उमटतो, जणू तो आत वाटच पाहत होता. मार्टिनचा आवाज स्वच्छ आणि घंटेसारखा. त्याच काळातल्या, मिशिगनमधल्या कॅलमाझू इथे बनलेल्या गिब्सन एल-डबल-ओचा आवाज कोरडा, ठसठशीत आणि लवकर विरणारा. सतारवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर मार्टिनला आस जास्त आणि गिब्सनला टोला जास्त. म्हणून ब्लूज वाजवणारे गिब्सन शोधतात. याच्या तुलनेत कारखान्यातली सर्वसाधारण नवी गिटार उजळ वाजते, तिची आस लांब असते, पण बोटाला ती थोडी उशिरा उत्तर देते. तिला जरा जोरात वाजवावं लागतं.

हा फरक खरा आहे. प्रश्न एवढाच की तो वयामुळे आहे का?

गिटारची वरची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाड असते आणि सहा पोलादी तारा तिला मिळून सुमारे सत्तर किलोच्या ताणानं ओढत असतात. फळी कोसळू नये म्हणून आतून लाकडी पट्ट्या चिकटवतात. फुलीच्या आकारात पट्ट्या बसवण्याची मार्टिनची पद्धत १८४० च्या दशकातली, म्हणजे आतड्याच्या तारांच्या काळातली. पोलादी तारांसाठी १९२२ पासून गिटार बनू लागल्या, तरी बांधणी शक्य तितकी हलकी ठेवलेली होती. पट्ट्या मधेच खोलगट तासलेल्या असत, त्यामुळे फळी मोकळेपणानं हलायची. वादक जाड तारा लावू लागले, फळ्या फुगू लागल्या आणि १९४४ च्या अखेरीस मार्टिननं हे तासणं बंद केलं. पुढे पट्ट्या जाड झाल्या, ब्रिजखालचं लाकूड मोठं झालं. कंपनीला हमी द्यायची असते. तुटलेली गिटार परत येण्यापेक्षा थोडी मुकी गिटार तिला परवडते. याच सुमाराला वरच्या फळीसाठीचं अमेरिकेच्या पूर्वेकडचं तांबडं स्प्रूसही दुर्मीळ झालं आणि त्याच्या जागी पश्चिम किनाऱ्यावरचं सिटका स्प्रूस आलं.

म्हणजे 'जुना आवाज' म्हणून आपण ज्याला नावाजतो, त्यातला मोठा वाटा हलक्या बांधणीचा आहे. याला एक साधा पुरावा आहे. मिसिसिपीचा ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन याच्या प्रसिद्ध छायाचित्रात त्याच्या हाती गिब्सन एल-वन आहे. सपाट फळीची ही गिटार १९२६ मध्ये बाजारात आली आणि जॉन्सनची ध्वनिमुद्रणं १९३६ आणि १९३७ मधली. त्या काळातल्या ज्या तबकड्यांनी या आवाजाची आपल्याला गोडी लावली, त्यांवर वाजणाऱ्या बहुतेक गिटार तेव्हा नव्याच होत्या. त्यांना ऐंशी वर्षांचं वय नव्हतं, चांगली बांधणी होती.

वयाचा परिणाम मुळीच होत नाही, असं मात्र नाही. लाकडातला एक घटक, हेमिसेल्युलोज, वर्षानुवर्षं हळूहळू विघटित होतो. लाकूड थोडं हलकं होतं, हवेतला दमटपणा कमी शोषतं आणि कंपन कमी गिळतं. हे ओळखून आता फळी प्राणवायूविरहित भट्टीत भाजून तिला जाणीवपूर्वक 'म्हातारी' करतात. मार्टिननं २०१५ पासून असं लाकूड वापरायला सुरुवात केली. सतत वाजवण्यानं आवाज 'उघडतो' असं वादक छातीठोकपणे सांगतात, पण त्यात गिटार किती बदलते आणि वादकाचा कान तिला किती सरावतो, हे वेगळं काढणं कठीण आहे.

आणि काळाची चाळणीही विसरू नका. १९३० च्या दशकात वाईट गिटारही भरपूर बनल्या. त्या मोडल्या, अडगळीत गेल्या. जपल्या गेल्या त्या मुख्यतः चांगल्या. आपण जुन्यातल्या निवडक गिटारची तुलना नव्यातल्या सरसकट गिटारशी करतो आणि वर म्हणतो, पूर्वीचं ते पूर्वीचंच!

डोळे बांधले की काय होतं, हेही तपासून झालं आहे. व्हायोलिनच्या जगात स्ट्रॅडिव्हेरियसची ख्याती केवढी! क्लोडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २१ वादकांनी अंधूक खोलीत, डोळ्यांवर गडद चष्मे लावून जुनी आणि नवी व्हायोलिनं वाजवली. बहुतेकांना जुनं कोणतं ते ओळखता आलं नाही आणि पसंती नव्याकडे झुकली. २०१४ च्या दुसऱ्या प्रयोगात १० नामवंत वादकांपैकी सहाजणांनी नवं व्हायोलिन निवडलं. गिटारबाबतचा प्रयोग २०१८ मध्ये इंग्लंडमधून प्रसिद्ध झाला. एकाच कारागिराकडून सहा गिटार करून घेतल्या, फरक फक्त मागच्या आणि बाजूच्या लाकडाचा. त्यात मौल्यवान ब्राझिलियन रोझवूड होतं, भारतीय रोझवूड होतं, महोगनी होतं, स्वस्त लाकडंही होती. ५२ वादकांनी न बघता त्या वाजवल्या आणि सगळ्यांना जवळपास सारखेच गुण दिले. हा निकाल वयाविषयी नाही, लाकडाविषयी आहे. पण जुन्या गिटारच्या किमतीचा एक मोठा आधार ब्राझिलियन रोझवूड हाच असतो, म्हणून तो महत्त्वाचा.

इथे आपला संबंध थेट येतो. ब्राझीलनं ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधनं आणल्यावर १९६९ च्या अखेरीपासून मार्टिननं भारतीय रोझवूड वापरायला सुरुवात केली. हे झाड म्हणजे आपलं शिसवी. आजोळच्या घरातलं कपाट किंवा देवघर ज्या काळसर लाकडाचं असतं, तेच. सह्याद्रीपासून दक्षिणेकडच्या जंगलांत ते वाढतं. ब्राझिलियन रोझवूडच्या व्यापारावर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय करारानं जवळपास बंदी आली, तरी जुन्या गिटारच्या दंतकथेमुळे त्या लाकडाचा मोह सुटत नाही. २०१७ मध्ये शिसवीसह त्या कुळातल्या सगळ्याच झाडांच्या व्यापारावर नियंत्रण आलं. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली, ब्राझिलियन लाकडाला मात्र नाही. आवाजात न बघता ओळखू न येणाऱ्या फरकापायी एक झाड नामशेष होण्याच्या वाटेवर ढकलणं कितपत शहाणपणाचं, याचा विचार वादकांनीच करायला हवा.

मग नवी गिटार आणि जुना आवाज यांची गाठ पडू शकते का? पडू शकते, पडली आहे. मार्टिननं १९७६ मध्ये तासलेल्या पट्ट्या पुन्हा आणल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सांताक्रूझ ही छोटी कार्यशाळा सुरू झाली. टेक्सासमध्ये बिल कॉलिंग्ज यांनी जुन्या गिटार बारकाईनं अभ्यासून नव्या घडवल्या. अशा हातांतून उतरलेली हलकी, लहान गिटार बोटाला तितक्याच तत्परतेनं उत्तर देते. शिवाय तिची मान वाकली तर आतला दांडा पिळून सरळ करता येते. मार्टिनच्या १९८५ पूर्वीच्या गिटारमध्ये ही सोय नाही. मान उखडून पुन्हा बसवणं हाच उपाय, आणि ते काम करणारे कारागीर आपल्याकडे थोडे. मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात. तिथे जुनी गिटार सांभाळणं म्हणजे घरात वृद्ध माणूस सांभाळण्यासारखं आहे. प्रेम हवंच, पण वेळ आणि पैसाही हवा.

गिटार घ्यायला निघालेल्यांना म्हणून इतकंच सांगेन. जुनी आणि नवी यांची तुलना करायचीच असेल तर दोन्हींवर एकाच जातीच्या, एकाच दिवशी लावलेल्या नव्या तारा असू द्या. तारांमुळे पडणारा फरक पुष्कळदा ऐंशी वर्षांच्या फरकाहून मोठा असतो. आधी मित्राला वाजवू द्या आणि तुम्ही पाठ फिरवून ऐका. मग डोळे मिटून स्वतः वाजवा, आणि अगदी हळू वाजवा, कारण जोरात सगळ्याच गिटार बऱ्या वाजतात. किमतीची चिठ्ठी सगळ्यात शेवटी बघा. जुनी गिटार मनात भरली आणि ऐपत असली तर जरूर घ्या. तिच्यात इतिहास असतो आणि इतिहासाचीही एक किंमत असते. फक्त तो आवाज आहे असं समजून पैसे मोजू नका. आणि नवीच घेतलीत तर मन खट्टू करू नका. रोज वाजवा, पावसापासून जपा, नातवंडांच्या हाती द्या. १९३९ ची ती गिटारसुद्धा एके दिवशी कारखान्यातून कोरी करकरीतच बाहेर पडली होती.